एक्झिट पोल, वॉर रूम आणि आपले पुढारी: कोणाला नक्की काय कळतं?

खाडीकाठ (ठाणे)

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल ‘सर्वे म्हणजे सगळा विकाऊ माल’ हा ठराव पुन्हा एकदा एकमताने मंजूर झाला. ठराव मांडणारे गृहस्थ तेच, जे १ जून २०२४ च्या संध्याकाळी ‘चारसौ पार’चे स्क्रीनशॉट टाकत होते. ॲक्सिस माय इंडिया या सर्वे संस्थेने तेव्हा एनडीएला ३६१ ते ४०१ दिल्या होत्या. सोमवारी ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उडाला, मंगळवारी मतमोजणी सुरू झाल्यावर जवळपास ४,४०० अंकांनी आपटला. एनडीए २९३ वर थांबली. ॲक्सिसचे प्रदीप गुप्ता वाहिनीवर रडले, आणि त्या रडण्याचे मीम आमच्या गृहस्थांनीच टाकले.

‘विकाऊ’ हे उत्तर मला पटत नाही, कारण ते फार सोपं आहे. याच ॲक्सिसने २०१९ ला ३३९ ते ३६५ सांगितलं होतं आणि एनडीए साडेतीनशेच्या पुढे गेली. टुडेज चाणक्यने २०१४ ला ३४० सांगितलं, आल्या ३३६. सगळा देश वाहवा करत होता. पुढच्याच वर्षी बिहारमध्ये त्याच चाणक्यने एनडीएला १५५ दिल्या आणि मिळाल्या ५८. मग २०१४ ला ते देव होते आणि २०१५ ला चोर झाले का?

माझं म्हणणं, मोठी गोची मतांवरून जागा काढताना होते. आपल्याच राज्याचं बघा. २०२४ च्या लोकसभेत महायुती आणि मविआ दोघांनाही ४३-४४ टक्क्यांच्या घरात मतं होती. जागा मात्र १७ आणि ३०. सहा महिन्यांत विधानसभेला महायुती साधारण ४९ टक्के, मविआ ३५ टक्के, आणि जागा २३० विरुद्ध ४६. मतांत तोल थोडा सरकला की जागांचा अख्खा डोंगर सरकतो.

दुसरा मुद्दा पुढाऱ्यांचा. ‘त्यांना टेक्नॉलॉजीतलं ओ की ठो कळत नाही’ असं आपण सर्रास म्हणतो. मला वाटतं, त्यांना हवं तेवढं बरोबर कळतं. यावर तुमचं काय?

आकडेमोड (डोंबिवली, नोकरी ऐरोली)

शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेलं ढवळलेलं असलं तर. सगळी शितं वरच्या थरातली काढली आणि खालचा भात लागला असेल, तर शितं हजार काढा नाहीतर लाख.

१९३६ चं अमेरिकेतलं प्रकरण यासाठीच शिकवतात. लिटररी डायजेस्ट या मासिकाने जवळपास एक कोटी कार्डं पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली, आणि त्यांनी रूझवेल्टच्या विरोधातले लँडन जिंकणार म्हणून जाहीर केलं. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते काढले होते टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या यादीतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती? त्याच निवडणुकीत गॅलप या सर्वेवाल्याने कितीतरी लहान नमुन्यावर बरोबर सांगितलं.

आपल्याकडे वाहिनीवर सॅम्पल साइज मोठ्ठ्या अक्षरात दाखवतात, जणू तेच प्रमाणपत्र. हजार लोकांच्या चांगल्या नमुन्याला ±३ टक्के त्रुटी असते. ती एका पक्षाच्या मतांवर. दोन पक्षांतल्या अंतरावर ती जवळपास दुप्पट धरावी लागते. आता समजा राज्यात ३०,००० माणसं विचारली. २८८ मतदारसंघांत वाटली की दर मतदारसंघाला शंभरेक. त्यावर त्रुटी ±१० टक्के. म्हणजे एकेका जागेचा निकाल त्यातून निघतच नाही. मग मागच्या निवडणुकीचे आकडे घ्यायचे, त्यावर सगळीकडे सारखा स्विंग (मतं किती टक्के इकडून तिकडे सरकली) चढवायचा आणि जागा मोजायच्या. २०२४ ला महाराष्ट्रात मागचे आकडे कुठले घेणार? २०१९ ला शिवसेना एक होती, राष्ट्रवादी एक होती.

नेरुळ_सेक्टर

बेलापूरचं उदाहरण घ्या ना. विधानसभेला मंदा म्हात्रे ३७७ मतांनी जिंकल्या. समोर संदीप नाईक, शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून. त्यांचे वडील गणेश नाईक शेजारच्या ऐरोलीत भाजपकडूनच निवडून आले. आता या घरातल्या कार्यकर्त्याला सर्वेवाल्याने विचारलं, ‘तुमचं मत कोणाला’, तर तो काय सांगणार? आणि ३७७ मतं म्हणजे सीवूड्सच्या एखाद्या मोठ्या कॉम्प्लेक्समधल्या दोन-तीन विंग.

तिकडे मालेगाव मध्यला १६२, साकोलीत नाना पटोले २०८. वायव्य मुंबई लोकसभेला तर रवींद्र वायकर ४८ मतांनी. अशा जागा कुठलं मॉडेल सांगणार?

आकडेमोड

अशा जागा सांगायच्याच नसतात. ‘इथे नाणेफेक आहे’ एवढं सांगायचं. चांगल्या मॉडेलमध्ये तुमच्या अशा दहा जागा असतील तर साधारण पाच इकडे, पाच तिकडे जातात आणि बेरीज जमते. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा चूक सगळीकडे एकाच दिशेला असते.

सई_सानपाडा

मी कॉलेजात असताना एका एजन्सीसाठी हे काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगते. नाव सांगणार नाही.

हातात टॅब देतात. प्रश्न त्यावरच, लोकेशनची नोंद होते, मध्येच आवाज रेकॉर्ड होतो. नियम असा की बूथच्या परिसरात ठरावीक घरं सोडून पुढचं घर घ्यायचं. कागदावर छान. पाम बीच रोडवरच्या टॉवरच्या गेटवर वॉचमन विचारतो, कुठला फ्लॅट? कुठला फ्लॅट ते मला कसं माहीत असणार, तेच तर शोधायचंय! मग तो सेक्रेटरीला फोन लावतो आणि सेक्रेटरी म्हणतात, नको. असं तीन ठिकाणी झालं की माणूस सिडकोच्या बैठ्या घरांकडे आणि गावठाणाकडे वळतो, तिथे निदान दार उघडतं. त्यामुळे टॉवरवाले नमुन्यात कमी येतात. ते नंतर ‘वेटेज’ देऊन भरून काढतात म्हणे. पण जे चार टॉवरवाले बोलले त्यांनाच फुगवणार ना? न बोललेले तसेच मत देतात हे कोणी सांगितलं?

दुसरं, बायका. दार बाई उघडते. प्रश्न विचारला की आत बघून म्हणते, ‘ह्यांना विचारा’. ‘हे’ बाहेर येतात आणि सगळ्या घराचं मत सांगून मोकळे होतात. सुपरवायझरला बायकांचा कोटा पूर्ण हवा असतो, मग नवऱ्यासमोर नवऱ्याचंच उत्तर बाईच्या नावावर जातं. २०२४ च्या विधानसभेला बहुतेकांनी महायुतीची सत्ता काठावर दाखवली आणि ती २३० वर गेली, त्यातला बराच भाग इथे हरवला असं माझं मत. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये बाईच्या खात्यात येत होते, आणि उत्तर नवरा देत होता.

तिसरं, तुर्भे-कोपरखैरणेतली माथाडी कुटुंबं. राहतात इथे, बोलतात भरभरून, मत सातारा-पाटणला. पहिलाच प्रश्न ‘या मतदारसंघाच्या यादीत नाव आहे का’ असा असायचा, पण दिवसाचे फॉर्म पूर्ण करायचे असले की तो प्रश्न घाईत उरकला जायचा. पैसे फॉर्मवर मिळायचे.

दिवाळेकर

सईताई, गावठाणात दार उघडतं हे बरोबर, पण खरं कोण सांगतो? आमच्याकडे अनोळखी पोरगी टॅब घेऊन आली की आधी वाटतं सिडकोची नाहीतर पालिकेची आहे, घर मोजायला आलीय. गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न डोक्यावर असताना माणूस सत्तेतल्या पक्षाचं नाव सांगून मोकळा होतो. मत पेटीतच बोलतं.

नाना_पाचपाखाडी

धागाकर्त्याच्या दुसऱ्या मुद्द्यावर येतो. पुढाऱ्याला तंत्रज्ञान कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा निवडणुकीच्या आधी कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसावं. आमच्या वेळी शाखेत यादीवर पेन्सिलने खुणा करायचो. आता मोबाइलवर ॲप आहे. बूथ टाका, आडनाव टाका, इमारत टाका, वय टाका. कोकणातले किती, खान्देशातले किती, उत्तर भारतीय किती. चिठ्ठी उमेदवाराच्या फोटोसकट व्हॉट्सॲपवर. दुपारी तीनला कोणत्या इमारतीतून अजून कोण उतरलं नाही हे बूथवरच्या पोराला माहीत असतं आणि तो दार वाजवतो.

आणि निकालानंतर? फॉर्म २० बघा. बूथवार मतं त्यात असतात, कोणालाही बघता येतात. कुठल्या गल्लीने कोणाला दिलं ते नगरसेवकाला पाठ असतं. पाणी कुठे कमी दाबाने येतं याचा त्याच्याशी संबंध आहे की नाही, हे मी म्हणत नाही. ;)

यावर उपाय निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवला होता. टोटलायझर नावाचं यंत्र. अनेक ईव्हीएम एकत्र जोडून मोजायची, म्हणजे एकेका बूथचा आकडा बाहेरच येत नाही. २०१५ मध्ये विधी आयोगानेही पाठिंबा दिला. केंद्राने नको म्हटलं. आता सांगा, न कळणाऱ्या माणसाने इतकं नेमकं ‘नको’ कसं म्हटलं?

खाडीकाठ

नाना, हेच मला म्हणायचं होतं, मला एवढं नेमकं मांडता आलं नव्हतं. टोटलायझर माहीत नव्हतं, धन्यवाद.

चहाटळ

नाना, तुम्ही म्हणता ते वापराबद्दल. समज वेगळी. आपल्या पंतप्रधानांनी २०१९ मध्ये मुलाखतीत सांगितलं की ढगांमुळे आपली विमानं रडारला दिसणार नाहीत असं त्यांनी सुचवलं होतं. त्याच मुलाखतीत १९८७-८८ च्या सुमाराला डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढून ईमेल केल्याचंही आलं. त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री बिप्लब देव यांनी महाभारतात इंटरनेट होतं असं सांगितलं.

वाशी_वकील

आणि समाजवादी पक्षाने २००९ च्या जाहीरनाम्यात संगणकालाच विरोध केला होता, तेही लिहा. डाव्यांचा संगणकविरोध तर जुनाच. जपानमध्ये २०१८ साली सायबर सुरक्षेचे मंत्री संसदेत म्हणाले की आपण आयुष्यात संगणक वापरलेला नाही. अमेरिकेत त्याच वर्षी सिनेटर हॅच यांनी झुकरबर्गना विचारलं, लोक पैसे देत नाहीत तर तुमचा धंदा चालतो कसा. उत्तर आलं, ‘आम्ही जाहिराती दाखवतो’. हसू येतं, पण खरं सांगू, मला हॅच यांचा प्रश्न तितका मूर्ख वाटत नाही. सभागृहात त्याचं उत्तर नोंदीवर आणायलाच हवं होतं.

संपादक

दोन्ही बाजूंचे किस्से झाले. पक्षीय टोलेबाजी इथेच थांबवा, नाहीतर धागा वाचनमात्र करावा लागेल.

वाशी_वकील

बरं. मग किस्से सोडून नुकसान सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ. डिसेंबर २००८ मध्ये दुरुस्ती संसदेत चर्चा न होताच मंजूर झाली. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचा’ संदेश पाठवला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कोणाला त्रासदायक, किती गैरसोय, काही व्याख्या नाही. सत्ताधाऱ्यांनी विचारलं नाही, विरोधकांनीही नाही.

२०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते नुसतं लाइक केलं. दोघींना अटक. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केलं, आणि २०२१ मध्ये न्यायालयाला कळलं की पोलीस ठाण्यांत त्या मेलेल्या कलमाखाली अजून गुन्हे दाखल होतायत.

ढग आणि रडारने कोणी आत गेलं नाही. ६६अ ने गेलं. मतं आणणारं ॲप असलं की हे लोक त्याचं एकेक बटण तपासतात, कायद्याचा मसुदा असला की पान उलटत नाहीत.

नेरुळ_सेक्टर

ईव्हीएमचा विषय कोणी काढला नाही अजून, आश्चर्य आहे!

आकडेमोड

काढायचाच तर नीट काढू. वायव्य मुंबईच्या त्या ४८ मतांनंतर जून २०२४ मध्ये बातमी पसरली की मोबाइलवर ओटीपी घेऊन ईव्हीएम उघडलं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की ईव्हीएमला ओटीपी लागत नाही, ते कशालाच जोडलेलं नसतं. ओटीपी होता तो मतमोजणीचे आकडे भरण्याच्या प्रणालीत शिरायला. पण तोवर मोठमोठ्या नेत्यांनी ‘ईव्हीएम अनलॉक’ करून टाकलं होतं, आणि तिकडून इलॉन मस्कने ईव्हीएम काढूनच टाका म्हणून हातभार लावला.

याचा अर्थ प्रश्नच विचारू नयेत असा नाही. मतमोजणी केंद्रात मोबाइल कसा आला, हा रास्त प्रश्न होता आणि तो या ओटीपीच्या गदारोळात बुडाला. व्हीव्हीपॅटमध्ये (मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) चिन्हं बाहेरून, सिंबल लोडिंग युनिटने भरतात. ती युनिटं निकालानंतर ४५ दिवस सील करून ठेवा असं सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला सांगितलं. शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण हे सांगितलं. कुठल्या नेत्याच्या भाषणात सिंबल लोडिंग युनिट ऐकलंय का? आणि आपल्या महापालिकेच्या मतदानात व्हीव्हीपॅट नसतंच. चार नगरसेवकांचा प्रभाग, चार वेळा बटण दाबायचं, आणि चिठ्ठी एकदाही दिसत नाही. यावर ठाण्यात किती मोर्चे निघाले?

नाना_पाचपाखाडी

जो हरतो त्याला मशीन दिसतं. २००९ ला अडवाणींना दिसलं होतं.

दिवाळेकर

सोलापूरकडच्या मारकडवाडीत तर जिंकलेल्या आमदाराच्या समर्थकांनीच बॅलेटवर परत मतदान घ्यायची तयारी केली होती, डिसेंबर २०२४ ला. आमच्या गावात लीड कशी नाही म्हणून. पोलिसांनी होऊ दिलं नाही. लोकांना बघू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

आकडेमोड

दिवाळेकर, कायद्याने त्या मतदानाला अर्थ नव्हता, आणि दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर दिलेलं मत पहिल्यासारखं असेलच असं नाही. सईताईंचा ‘ह्यांना विचारा’ वाला मुद्दा तिथेही लागू. पण बंदोबस्त लावून थांबवल्यावर संशय वाढणारच, यात तुमच्याशी सहमत.

चहाटळ

अंदाजांकडे परत या. हरियाणात ऑक्टोबर २०२४ ला सगळ्यांनी काँग्रेस सांगितली, भाजप ४८ घेऊन आला. सगळेच एकदम एकाच बाजूला कसे चुकतात? एक तरी उलटा चुकायला हवा ना?

आकडेमोड

उत्तम प्रश्न. याला कळपात राहणं म्हणा. एकटा वेगळा आकडा देऊन चुकलात तर धंदा बसतो, सगळ्यांबरोबर चुकलात तर ‘सगळेच चुकले’. त्यामुळे शेवटच्या दिवशी आकडे एकमेकांकडे सरकवले जातात. २००४ ला इंडिया शायनिंगच्या वेळीही हेच, बहुतेकांनी वाजपेयींना सत्तेच्या जवळ ठेवलं आणि काँग्रेस १४५, भाजप १३८.

ब्रिटनमध्ये पोलिंग कौन्सिलच्या सदस्य संस्थांना आकड्यांचे तक्ते, प्रश्नांचे शब्द, वेटेज जाहीर करावं लागतं. २०१५ ला सगळे चुकले तेव्हा चौकशी बसली आणि नमुनाच प्रातिनिधिक नव्हता हे लिहून आलं. आपल्याकडे कायदा एवढंच बघतो की एक्झिट पोल मतदानाचा शेवटचा टप्पा संपेपर्यंत दाखवू नका (लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६अ). संपल्यावर काय वाटेल ते दाखवा. कोणाला विचारलं, किती जणांनी नकार दिला, बायका किती, काही नाही. मला विचाराल तर नकार देणाऱ्यांचं प्रमाण छापणं सक्तीचं करा, अर्ध्या वाहिन्या आपोआप गप्प होतील.

आणि अमेरिकेत २०१६ ला अंदाज मांडणाऱ्या नेट सिल्व्हरच्या साइटने ट्रम्पला सुमारे २९ टक्के शक्यता दिली होती. लोक म्हणाले चुकला. २९ टक्के म्हणजे तीन-साडेतीन वेळांतून एकदा होणारी गोष्ट! चुकले ते प्रिन्स्टनचे सॅम वांग, ज्यांनी क्लिंटनना ९९ टक्क्यांच्या घरात नेलं आणि पैजेपायी वाहिनीवर रातकिडा खाल्ला. आपल्याकडे शक्यता सांगायची पद्धतच नाही. अँकरला आकडा पाहिजे.

खाडीकाठ

रातकिड्याची अट इथे आणली तर ठाण्यात रातकिडे शिल्लक राहायचे नाहीत.

नाना, एक शंका. तंत्रज्ञान कळणारा माणूस मग निवडून तरी येतो का? पृथ्वीराज चव्हाण पिलानी-बर्कलेचे इंजिनिअर, २०२४ ला कराड दक्षिणेत पडले.

नाना_पाचपाखाडी

कराडला पडले ते राज्यभर वारं फिरलं म्हणून, बर्कलेमुळे नाही. पर्रीकर आयआयटीचे, ते निवडून यायचेच. पदवीचा आणि मतांचा संबंध लावू नका. मोदींनी २०१२ ला गुजरातेत होलोग्रामने एकाच वेळी अनेक ठिकाणी सभा घेतल्या. त्यांना त्यातलं ऑप्टिक्स माहीत असायची गरज नव्हती, माहीत असणारा माणूस हाताशी होता. पुढाऱ्याचं कसब एवढंच असतं.

वाशी_वकील

निवडणूक जिंकायला पुरतं, नाना. कायदा करायला नाही.

सानपाड्याची_आजी

मी फक्त वाचते, लिहीत नाही. पण विचारते. मागच्या प्रचारात मला फोन आला, उमेदवाराचा आवाज, आणि मला नावाने हाक मारली. मी ‘बोला दादा’ म्हटलं तर तो पुढे बोलतच राहिला. हे रेकॉर्डिंग असतं का आता? नाव कसं घेतो?

सई_सानपाडा

आजी, आवाजाची नक्कल मशीन करतं. उमेदवाराची थोडी भाषणं दिली की त्याच्या आवाजात कुठलंही वाक्य तयार होतं. नाव मतदार यादीतून, नंबर कुठून तरी विकत. यादी आणि नंबर जोडले की प्रत्येकाला वेगळी हाक.

हे निदान उमेदवाराच्या परवानगीने चालतं. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबर २०२४ ला, बिटकॉइनच्या क्लिपा आल्या होत्या ना, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून. सुळेंनी आवाज आपला नाही म्हणून तक्रार केली, तपासणाऱ्यांनी तो एआयने बनवलेला असण्याची शक्यता मोठी आहे असं सांगितलं. तोवर त्या फिरून झाल्या होत्या.

वाशी_वकील

जानेवारी २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना सूचना काढली की एआयने बनवलेल्या मजकुरावर तसं स्पष्ट लिहा. फोनवर लिहिणार कुठे, तर सुरुवातीलाच बोलून सांगायला हवं. आजी, तुमच्या फोनवर तसं काही सांगितलं होतं का?

सानपाड्याची_आजी

नाही ग. ‘नमस्कार मावशी’ म्हणाला. मी चौऱ्याऐंशीची आहे, यादीत माझं वयही असेल ना? आजी म्हणायला हवं होतं त्याने.

आकडेमोड

आजी, यादीत वय असतंच. तुम्ही तो फोन आल्यावर कोणाला मत द्यायचं ते बदललं का?

सानपाड्याची_आजी

ते मी सईला पण सांगणार नाही.